आतल्या माणसाचा निरोप आणि 'डॉक्टर हू'चे हरवलेले भाग

प्रश्न थोडक्यात असा आहे : "आमच्या 'डॉक्टर हू' पाहणाऱ्यांच्या गटात एक निरोप फिरतोय. बीबीसीत काम करणाऱ्या माणसाने सांगितले म्हणे, की साठच्या दशकातले चाळीसहून जास्त हरवलेले भाग आफ्रिकेतल्या एका देशात सापडले आहेत. 'मार्को पोलो' ही कथा पूर्ण आहे, 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन' हा भागसुद्धा आहे. प्रिंट स्वच्छ करण्याचे काम गुपचूप चाललेय, करारामुळे कुणी तोंड उघडू शकत नाही आणि नाताळात घोषणा होणार आहे. गटात दोन तट पडलेत. तुम्ही टीव्हीच्या धंद्यात होतात, ही मालिकाही वर्षानुवर्षे पाहताय. विश्वास ठेवावा का?"

या निरोपावर विश्वास ठेवू नका. मात्र 'काहीच सापडलेले नाही' असे छातीठोकपणे सांगायलाही जाऊ नका, कारण ते विधानही तितकेच विनापुराव्याचे होईल. या दोन भूमिकांच्या मधली जागा अरुंद आहे आणि चाहत्याला तिथे उभे राहणे जड जाते. तरी तिथेच उभे राहायला हवे असे मी म्हणतो, ते २०१३ साली जे घडले त्यामुळे. ती हकीकत नीट समजली की तुमच्या निरोपातले एकेक वाक्य आपोआप वेगळे दिसू लागेल.

आधी पार्श्वभूमी, कारण गटातल्या नव्या मंडळींना ती ठाऊक असेलच असे नाही. 'डॉक्टर हू' ही काळात प्रवास करणाऱ्या 'डॉक्टर' या नायकाची ब्रिटिश विज्ञानकथा मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. डॉक्टर अधूनमधून नव्या रूपात बदलतो, म्हणून अभिनेताही बदलतो. त्या काळातली एकेक कथा बहुधा अनेक भागांची असे. त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर साठवत. टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग हवे तेव्हा पुन्हा दाखवता येत नसत. पुढे रंगीत प्रक्षेपण आले आणि कृष्णधवल मालिकांना गिऱ्हाईक उरेना. साठच्या दशकातल्या भागांच्या सगळ्या मूळ टेप पुसल्या गेल्या. आज त्यातले जे पाहता येते ते परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या फिल्म प्रिंटमुळे. त्या प्रिंटही बीबीसीच्या विक्री विभागाने सत्तरच्या दशकात जागा मोकळी करण्यासाठी मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या. १९७८च्या सुमारास हे थांबले आणि शोध सुरू झाला. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी शंभराहून जास्त भाग तेव्हापासून बेपत्ता म्हणून नोंदलेले होते. २०११ साली हा आकडा १०८ वरून १०६ वर आला.

मी मुंबईत एका वाहिनीच्या टेप लायब्ररीत आणि पुढे एडिटिंगच्या बाजूला बरीच वर्षे काम केले आहे. तिथेही टेप पुसून परत वापरायला दिल्या जात. कुणाला त्यात वाईट हेतू नव्हता. कपाट भरलेले असायचे, नवी टेप मंजूर व्हायला वेळ लागायचा आणि संध्याकाळचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचा असायचा. त्यामुळे बीबीसीने हे कसे केले असेल, असा प्रश्न मला कधी पडला नाही. प्रश्न पडायचा तो पुढचा : जे गेले त्यातले काय, कुठल्या वाटेने, कुणाच्या कपाटात वाचले असेल? अफवांची पारख करायची माझी सगळी पद्धत या एका प्रश्नातून आलेली आहे.

आता २०१३. मालिकेचे पन्नासावे वर्ष. फिलिप मॉरिस नावाचे एक ब्रिटिश गृहस्थ आफ्रिकेतल्या टीव्ही केंद्रांचे जुने फिल्मसंग्रह धुंडाळत फिरत होते. त्यांनी फार मोठे घबाड मिळवले आहे अशी कुजबुज चाहत्यांत पसरली. वर्षाच्या मध्यावर ती इतकी पसरली की नव्वदच्या आसपास भाग, म्हणजे जवळजवळ सगळेच्या सगळे, परत आले असे लोक सांगू लागले. इंग्रजी चाहत्यांनी तिला 'ओम्निरूमर' असे नाव दिले, म्हणजे सगळ्या अफवा पोटात घेणारी एकच अफवा. तिच्या आत एक छोटी, नेमकी यादीही फिरत होती : 'मार्को पोलो', 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' आणि 'द वेब ऑफ फिअर'. जूनमध्ये मॉरिस यांच्या संस्थेने आपल्याकडे 'डॉक्टर हू'चे हरवलेले भाग नाहीत असे जाहीर केले. बीबीसीनेही दुजोरा दिला नाही. संशयवादी म्हणाले, बघा, संपला विषय.

ऑक्टोबरमध्ये बीबीसीने घोषणा केली. नायजेरियातल्या जॉस शहरातल्या टीव्ही केंद्राच्या खोलीत मॉरिस यांना हरवलेले नऊ भाग मिळाले होते. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड'चे पाच आणि 'द वेब ऑफ फिअर'चे चार. पहिली कथा त्यामुळे सहाही भागांसह पूर्ण झाली आणि पॅट्रिक ट्रॉटन यांची दुहेरी भूमिका, एकीकडे डॉक्टर आणि दुसरीकडे क्रूर सालामांदर, पहिल्यांदा सलग पाहता आली. दुसऱ्या कथेचा फक्त तिसरा भाग बाकी राहिला. बेपत्ता भागांचा आकडा १०६ वरून ९७ झाला. 'मार्को पोलो' आलाच नाही.

या निकालाकडे नीट पाहा. "हे सगळे थोतांड आहे" म्हणणारे चुकले. "सगळे मिळाले" म्हणणारेही चुकले, तेही दसपटीने. गंमत अशी की दोन्ही बाजूंनी आपलाच विजय झाला असे मानले. अफवा पसरवणाऱ्यांनी नऊ भागांकडे बोट दाखवून उरलेले नंतर येतील असे सांगितले, आणि ते 'नंतर' वर्षानुवर्षे लांबत गेले. छोट्या यादीतली तीनपैकी दोन नावे मात्र बरोबर निघाली. म्हणजे कुणाला तरी काहीतरी खरोखर माहीत होते, हे मान्य करायलाच हवे. मग प्रश्न असा, की नऊचे नव्वद कसे झाले?

माझे उत्तर धंद्यातल्या अनुभवावर आधारलेले आहे. आतल्या माणसाला फक्त आपल्या खोलीतले दिसते. लायब्ररीतल्या मुलाला डबे आले हे कळते, त्यात काय आहे हे कळेलच असे नाही. फिल्म ट्रान्सफर करणाऱ्याला दोन कथा दिसतात, तिसरी कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते. कायद्याच्या विभागात करारांचे मसुदे असतात आणि मसुद्यात शक्य असलेल्या सगळ्या गोष्टींची नावे घातलेली असतात, प्रत्यक्ष हातात असलेल्यांचीच नव्हे. जाहिरातवाल्यांना तारीख माहीत असते, पण माल किती ते शेवटच्या आठवड्यात कळते. यातला प्रत्येक जण खरा आतला माणूस आहे आणि प्रत्येकाने घरी जाऊन खरेच सांगितले, तरी बाहेर ते तुकडे जोडणारा मधल्या रिकाम्या जागा स्वतःच्या इच्छेने भरतो. माझ्या वाहिनीत एखादी मालिका बंद होणार ही बातमी सेटवरच्या स्पॉटबॉयला आधी कळायची, कारण पुढच्या महिन्याचे जेवणाचे कंत्राट निघालेले नसायचे. कंत्राट निघाले नाही हे खरे असायचे. मालिका बंद होईलच असे नसायचे, कधी कधी फक्त स्टुडिओ बदलत असे.

म्हणून "सांगणारा खरोखर आतला आहे का" हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तो आतला असेलही. विचारायचे ते हे : जी गोष्ट तो सांगतोय ती त्याच्या खोलीतून दिसू शकते का? बीबीसीत बातम्यांच्या विभागात बसणाऱ्याला फिल्मचे डबे दिसत नाहीत. तुमच्या निरोपात 'बीबीसीत काम करणारा' एवढेच आहे. बीबीसीत हजारो माणसे काम करतात. कुठल्या विभागातला हे सांगितलेले नाही, आणि ते सांगितल्याशिवाय 'बीबीसी' या शब्दाला पुरावा म्हणून काहीच वजन नाही.

आता डब्यांच्या वाटेकडे येऊ. इथे तुमचा निरोप सगळ्यात जास्त उघडा पडतो.

बीबीसी परदेशी केंद्रांना ठरावीक मुदतीसाठी प्रक्षेपणाचे हक्क विकायची. मुदत संपली की केंद्राने प्रिंट परत पाठवायची, नष्ट करून तसे प्रमाणपत्र द्यायचे, किंवा यादीतल्या पुढच्या देशाला रवाना करायची. एकच प्रिंट अशी देशोदेशी फिरायची. मधल्या एखाद्या केंद्राने यातले काहीच केले नाही, तर डबे तिथेच धूळ खात पडायचे. नायजेरियातून ऐंशीच्या दशकातही काही भाग परत आले होते, 'द टाइम मेडलर' आणि 'द वॉर मशीन्स'चे. हाँगकाँगच्या एका केंद्राने 'द टूम ऑफ द सायबरमेन'चे चारही भाग परत केले आणि १९९२ साली ते लोकांना पाहायला मिळाले. कुठल्या देशाने काय विकत घेतले हे चिकाटीच्या संशोधकांनी बीबीसीची विक्रीची कागदपत्रे आणि त्या त्या देशातल्या जुन्या वर्तमानपत्रांतली टीव्हीची वेळापत्रके चाळून मांडून ठेवले आहे.

आता निरोपातली दोन नावे या कागदांवर ठेवून पाहा. 'मार्को पोलो' १९६४ची सात भागांची कथा. ती भरपूर देशांना विकली गेली होती, तेव्हा आफ्रिकेत तिची एखादी प्रिंट उरलेली असणे अशक्य कोटीतले नाही. 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन'ची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. तो 'द डालेक्स मास्टर प्लॅन' या बारा भागांच्या कथेचा सातवा भाग. २५ डिसेंबर १९६५ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी दाखवलेला, हलकाफुलका आणि कथेपासून जवळजवळ सुटा. परदेशी विक्रीसाठी ही कथा अकरा भागांची करून मांडली गेली आणि हा भाग त्यातून वगळला. शिवाय उरलेले अकरा भागही कुठल्याच देशाने विकत घेऊन दाखवले नाहीत. मग या भागाची प्रिंट आफ्रिकेतल्या टीव्ही केंद्रात पोचणार कशी? 'मास्टर प्लॅन'चे दोन भाग १९८३ साली मिळाले ते लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात, आणि एक भाग २००४ साली बीबीसीच्या एका माजी इंजिनिअरकडून आला. दोन्ही ठिकाणे ब्रिटनमधलीच, आणि ते त्या कथेच्या वाटेला धरूनच आहे.

म्हणजे निरोप रचणाऱ्याला सगळ्यात जास्त हवेसे वाटणारे नाव माहीत होते, पण डब्याची वाट माहीत नव्हती. मला हा धागा निर्णायक वाटतो. खऱ्या माहितीत अडगळ असते : एखादा भाग मध्येच गहाळ, एखादे रीळ दुसऱ्याच कथेचे, कुणालाच नको असलेली क्रिकेटची फिल्म. रचलेल्या बातमीत नेमके तेच सापडते जे चाहत्यांच्या यादीत सगळ्यात वर असते.

आजवर काय काय कसे मिळाले, याकडे एकदा नजर टाका. १९८८ साली 'द आइस वॉरिअर्स'चे चार भाग खुद्द बीबीसीच्याच इमारतीतल्या कपाटात निघाले. १९९९ साली 'द क्रुसेड'चा पहिला भाग न्यूझीलंडमधल्या एका फिल्मसंग्राहकाकडे आढळला. २०११ साली जाहीर झालेले दोन भाग एका निवृत्त टीव्ही इंजिनिअरकडे होते. त्याने ते ऐंशीच्या दशकात एका शाळेच्या जत्रेत इतर फिल्मसोबत विकत घेतले होते आणि ते हरवलेले आहेत हेच त्याला ठाऊक नव्हते. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये डिसेंबरात ते दाखवले जाईपर्यंत बहुतेक चाहत्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आणि मला स्वतःला सगळ्यात प्रिय असलेला शोध : १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या चाहत्यांनी तिथल्या सेन्सॉरचे जुने कागद तपासले. कापून काढलेले तुकडे सरकारी संग्रहात अजून असू शकतात हे त्यांनी ओळखले आणि ते तुकडे मिळवले. जे दृश्य भीतिदायक म्हणून कापले होते तेवढेच उरले, कारण ते कापले गेले होते. हे काम कुणाच्या कानगोष्टीवर झालेले नाही. ते दप्तर वाचून झाले.

करारामुळे कुणी बोलू शकत नाही, हे तुमच्या निरोपातले तिसरे वाक्य. त्यात तथ्य आहे आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. अशा शोधांत गुप्तता खरोखर पाळली जाते. केंद्राशी मालकीची बोलणी चाललेली असतात, फिल्म नाजूक असते, घोषणा विक्रीच्या तारखेला जोडलेली असते. २०१३ सालीही तसेच झाले. पण गुप्ततेचा आधार घेतला की कोणताही दावा खोटा ठरवणे अशक्य होते. बीबीसी गप्प बसली तर तो पुरावा, बीबीसीने नाकारले तर तोही पुरावा. 'द अंडरवॉटर मेनेस'ची डीव्हीडी लांबणीवर पडली तेव्हा कित्येकांनी त्याचा अर्थ उरलेले भाग मिळाल्यामुळे थांबवली असा लावला. २०१५ साली डीव्हीडी आली ती उरलेल्या भागांच्या जागी जुनी स्थिरचित्रे आणि ध्वनी घेऊनच. उशीर हा फक्त उशीर होता. ज्या दाव्याला चुकण्याची सोयच ठेवलेली नाही त्याच्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

नकाराबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण चाहते इथे फार घाई करतात. जून २०१३चा नकार आणि ऑक्टोबरची घोषणा शेजारी ठेवली की कळते, की बोलणी चालू असताना संबंधित पक्षाने दिलेल्या नकाराला फार किंमत देता येत नाही. आपल्याकडे नाहीत याचा अर्थ कुठेच नाहीत असा होत नाही, कारण डबे तोवर दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असू शकतात. दुसरे उदाहरण ताजे आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये एका ब्रिटिश टॅब्लॉइडने छापले, की मालिका गुंडाळून ठेवली जातेय आणि डॉक्टर साकारणारा न्कुटी गाट्वा बाहेर पडतोय. बीबीसीचे उत्तर मी तेव्हा शब्द न् शब्द वाचले होते. मालिका गुंडाळलेली नाही, पुढच्या पर्वाचा निर्णय चालू पर्व दाखवून झाल्यावर होईल, डिस्नेशी करार २६ भागांचा आहे, असे त्यात स्पष्ट होते. आणि शेवटी, डॉक्टरच्या भवितव्याबद्दल आम्ही कधीच भाष्य करत नाही, असे होते. म्हणजे अर्धी बातमी नाकारली होती आणि अर्धी बाजूला ठेवली होती. गटागटांत मात्र "बीबीसीने सगळे फेटाळले" एवढेच फिरले. ३१ मे २०२५ रोजी गाट्वाचा डॉक्टर बदलला आणि पडद्यावर अभिनेत्री बिली पायपरचा चेहरा आला. ऑक्टोबरात डिस्नेसोबतची भागीदारी संपल्याचे आणि पुढचा भाग २०२६च्या नाताळात येणार असल्याचे बीबीसीने सांगितले. नकार वाचताना काय नाकारले यापेक्षा काय नाकारलेले नाही ते पाहावे. ही सवय एकदा लागली की निम्म्या अफवांचे वजन घरबसल्या ठरवता येते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण २०१७चे. नवा डॉक्टर कोण याची चर्चा चालू होती. क्रिस मार्शल या अभिनेत्याची निवड झालीच आहे असे टॅब्लॉइडांनी छापले, सट्टेवाल्यांनीही त्याचे नाव वर ठेवले. त्याने नुकतीच दुसरी एक मालिका सोडली होती, त्यामुळे सगळे जुळून येत होते. १६ जुलैला विम्बल्डनच्या पुरुष अंतिम सामन्यानंतर बीबीसीने जोडी व्हिटाकरचे नाव जाहीर केले. सट्ट्याच्या भावाला लोक बाजाराचे शहाणपण समजतात. पण तो भाव अफवा वाचूनच पैसे लावणाऱ्यांनी हलवलेला असतो, मग अफवेला दुजोरा म्हणून त्याच भावाकडे बोट दाखवले जाते. एकच आवाज दोन भिंतींवरून परत आला म्हणून दोन साक्षीदार होत नाहीत.

मग खरी गळती कशी ओळखायची? ती बहुधा वस्तूच्या रूपात येते. मार्च २००५मध्ये, मालिका खंडानंतर नव्याने सुरू होत असताना, तिचा पहिला भाग 'रोझ' प्रक्षेपणाच्या काही आठवडे आधी इंटरनेटवर आला, तो अख्खा भागच होता. २०१४च्या उन्हाळ्यात, डॉक्टर म्हणून पीटर कपाल्डी यांच्या पहिल्या पर्वाच्या पटकथा आणि अर्धवट तयार कृष्णधवल प्रती बीबीसी वर्ल्डवाइड या बीबीसीच्या व्यापारी शाखेच्या मायामी कार्यालयातून बाहेर पडल्या. त्याही कागद आणि फाइली होत्या. सर्वांत बोलके उदाहरण मे २०१३चे. अमेरिकेत सुमारे दोनशे ग्राहकांना ब्लू-रे संच चुकून लवकर पोचला आणि पर्वाचा शेवटचा भाग प्रक्षेपणाआधीच त्यांच्या घरात होता. बीबीसीने गुपित राखण्याची विनंती केली आणि त्यांनी ते राखले. ज्यांच्याकडे डिस्क होती ते गप्प राहिले. त्याच महिन्यांत, ज्यांच्याकडे एकही डबा नव्हता ते नव्वद भागांच्या याद्या लिहीत होते.

आता वस्तूचीही शहानिशा करावी लागते, हे आजच्या काळात मुद्दाम सांगतो. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे, कारण त्या वेळच्या चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो ध्वनिमुद्रित केला होता. जॉन क्युरा यांनी टीव्हीच्या पडद्यावरून काढलेली स्थिरचित्रेही बऱ्याच भागांची आहेत. तेव्हा संगणकावर बनवलेल्या चित्रफितीला खरा आवाज लावणे सोपे झाले आहे. कुणी दहा सेकंदांची 'सापडलेली' फीत पाठवली आणि आवाज जुळला, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. मी अशी फीत आली की क्युरांच्या चित्रांशी ताडून पाहतो. पात्रे ठीक त्या चित्रांच्या चौकटीतच उभी असतील, त्यांच्यामधली हालचाल तरंगल्यासारखी असेल आणि चौकटीबाहेरचा सेट कधीच दिसत नसेल, तर ती त्या चित्रांवरूनच रचलेली आहे. फसवणूक नवी नाही. १९९२च्या सुमारास एकाने 'द टेन्थ प्लॅनेट'चा शेवटचा भाग आपल्याकडे असल्याचे बीबीसीला कळवले होते. त्याने सांगितलेले नाव पिंक फ्लॉइड या रॉक बँडमधल्या सिड बॅरेटच्या मूळ नावावरून घेतलेले निघाले. तो भाग विल्यम हार्टनेल यांच्या निरोपाचा, म्हणजे पहिल्या डॉक्टरच्या बदलाचा. इथेही निवडलेले नाव यादीतले सगळ्यात वरचेच.

अफवेने कुणाचे काय बिघडते, असे तुमच्या गटातले कुणी म्हणेल. बिघडते. खासगी संग्राहकांकडे अजून काही भाग असू शकतात आणि ही माणसे घाबरलेली असतात. विनोदी कलाकार बॉब मंकहाउस यांच्यावर सत्तरच्या दशकात फिल्मसंग्रहावरून खटला झाला. १९७९ साली ते निर्दोष सुटले, पण छाप्यात नेलेल्या फिल्म सगळ्या परत मिळाल्या नाहीत. ब्रिटनमधल्या जुन्या संग्राहकांच्या मनात ती धास्ती खोल रुजलेली आहे. अशा माणसाशी महिनोन्‌महिने बोलून विश्वास मिळवायचा असतो आणि तेवढ्यात कुणी त्याच्याकडच्या डब्याची हाकाटी पिटली तर दार बंद होते. दूरच्या केंद्रांत याहून वाईट घडू शकते. 'द वेब ऑफ फिअर'चा तिसरा भाग जॉसला पहिल्यांदा डबे पाहिले तेव्हा तिथे होता आणि नंतर नाहीसा झाला, असे मॉरिस यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. डॉक्टर आणि लष्करी अधिकारी लेथब्रिज-स्ट्युअर्ट या पात्राची पहिली भेट त्याच भागात आहे. त्या भेटीपासून निकोलस कोर्टनी यांची या अधिकाऱ्याची अनेक दशके चाललेली भूमिका सुरू होते. कोपऱ्यातला धुळकट डबा सोन्याच्या भावाचा आहे ही बातमी डबा सुखरूप पोचण्याआधी फुटणे किती महाग पडेल, याचा विचार करा.

आणि माणसांचेही बिघडते. १९६८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज साठीच्या पुढे गेलेला आहे. लहानपणी एकदाच पाहिलेला भाग पुन्हा पाहायला मिळावा म्हणून थांबलेली अशी माणसे मी पाहिली आहेत. दर नाताळाला नवी तारीख देऊन त्यांना आशेला लावणे हा माझ्या मते निर्दयपणा आहे, मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही भाबडा असो.

तुमच्या निरोपाचे काय करायचे ते सांगतो. तो पुढे पाठवू नका. ज्याने गटात टाकला त्याला चारचौघांत नव्हे, खासगीत विचारा : हे तुला नेमके कुणी सांगितले, त्याला कुणी सांगितले, आणि त्या शेवटच्या माणसाने डबे पाहिले, कागद पाहिला, की ऐकले? बहुतेक साखळ्या दुसऱ्या कडीलाच तुटतात. 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन' परदेशी पाठवलाच नव्हता हे त्याला सांगा आणि मग तो काय करतो ते बघा. खरी माहिती असलेला माणूस म्हणेल, मग त्या भागाबद्दल मला चुकीचे सांगितले गेले असेल. रचणारा लगेच नवी वाट जोडून देईल. तारीख मात्र लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या नावासह. नाताळ उलटला की तीच नोंद गटासमोर ठेवा, कुणाला लाजवण्यासाठी नव्हे, पण त्याच माणसाचा पुढचा निरोप येईल तेव्हा ती हाताशी असावी म्हणून. आतले म्हणवणारे लोक टिकतात ते बरोबर निघालेल्या एका भाकितावर, कारण चुकलेल्या दहांची नोंद कुणी ठेवलेली नसते.

दोन तट पडलेत म्हणालात. ज्यांना हरवलेले भाग खरोखर हवे आहेत त्यांना वादाऐवजी काम द्या. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' आणि 'द वेब ऑफ फिअर' एकत्र बसून पाहा. 'द पॉवर ऑफ द डालेक्स'चा ध्वनी ऐका, २०१६ साली त्यावर केलेले ॲनिमेशनही आहे. आणि गटातल्या कुणाचे नातेवाईक सत्तरच्या दशकात केनिया, झांबिया, नायजेरियात नोकरी-धंद्याला होते का, हे विचारा. अशी मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या जुन्या सामानात तिथल्या वर्तमानपत्राचे टीव्हीच्या वेळापत्रकाचे एखादे पान जरी निघाले, तरी त्याचा स्वच्छ फोटो काढून तारखेसह जपून ठेवा. कुठल्या गावी, कुठल्या वारी, कुठला भाग दाखवला याची ती नोंद असते आणि संशोधक अशाच पानांवरून डब्यांची वाट शोधत आले आहेत.